आधी बटन दाबायचं नाही

जून ते सप्टेंबर आमच्या वर्गात एक वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. "सर, चालू करून पळोवया?" त्यावर माझं उत्तर ठरलेलं असतं. "ना. आज ना."

मागच्या लेखात मी बॅकअपबद्दल मोठ्या तोंडाने बरंच काही लिहिलं होतं. ते तोंड मला कुठून आलं, ही गोष्ट सांगायची राहिली. ती या वेळी सांगतो. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, त्यामुळे थोडा वळसा घालून तिच्यापर्यंत येईन. तेवढं सांभाळून घ्या.

फोंडा तालुक्यात आमच्या गावी वाचनालयाच्या मागे एक खोली आहे. पूर्वी तिथे जुनी मासिकं ठेवत. आता दर रविवारी दहा ते एक मी तिथे मुलांना कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकवतो. नऊ जण आहेत. अकरावी-बारावीचे चार, आयटीआयचे तीन, डिप्लोमाचे दोन. नवांतल्या चार मुली आहेत आणि स्क्रू सांभाळून ठेवण्यात त्या मुलांपेक्षा कितीतरी बऱ्या. फी नाही. शिकायला लागणारी मशीनं गावच पुरवतं. कुणाचा दहा वर्षांचा डेस्कटॉप, कुणाचा "एकदम बंदच पडला हो" म्हणून आणून दिलेला लॅपटॉप. दुरुस्त झाला तर मालक घेऊन जातो, नाही झाला तर आमच्या सुट्या भागांच्या खोक्यात जातो.

मी स्वतः बी. ई. कॉम्प्युटर. चार वर्षांत कॉलेजने मला कंपायलर कसा चालतो ते शिकवलं, पण स्क्रू ड्रायव्हर कसा धरायचा ते नाही. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं आणि मी बंगळूरहून गावी आलो. पहिल्याच पावसाळ्यात माझा लॅपटॉप बसला. तेव्हा फोंड्याच्या बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि त्याच्या दुकानात स्टूल टाकून बसलो तो दोन वर्षं दर शनिवारी बसतच राहिलो. आज मला जे येतं ते त्याचं आहे. त्याची बारावी राहिलेली आहे, हे तो स्वतःच प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो.

सुरुवातीला मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर ठेवून शिकवायचो. त्याचा पहिलाच धडा स्थिर विजेचा. मनगटाला पट्टा बांधा, गालिच्यावर उभे राहू नका, लोकरीचा स्वेटर घालू नका. हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस, वर कौलं, खाली शहाबादी फरशीला पाझर फुटलेला, आणि मुलांच्या अंगाला शर्ट चिकटलेले. स्वेटर हा शब्द ऐकून मागचा एक जण इतका हसला की मलाही पुस्तक मिटावं लागलं.

पुस्तक चुकीचं नव्हतं, ते दुसऱ्या हवेसाठी लिहिलेलं होतं. कोरड्या थंडीत माणसाच्या अंगावर वीज साठते आणि चिपला हात लावताच उडी मारते. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि ती वीज त्यातून हळूहळू निघून जाते. आमच्या खोलीत आर्द्रता मोजायचा छोटा काटा आहे. जुलैत तो ८८ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये फिरतो. एसी खोलीत किंवा जानेवारीच्या दुपारी काळजी घ्यावी लागतेच, म्हणून आधी मशीनच्या पत्र्याला हात आणि मग रॅमला हात, हा नियम आम्ही पाळतो. पण आमच्याकडची मशीनं ठिणगीने मरत नाहीत, ओलीने मरतात. आणि त्यावर त्या पुस्तकात दीड पान होतं.

मग मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि जे समोर येईल ते उघडायला सुरुवात केली. सहा महिन्यांत मुलं झाकण काढल्याबरोबर मशीन कुठून आलं ते सांगायला लागली. आत लाल धूळ असेल तर साखळी-डिचोलीकडचं, जिथून वर्षानुवर्षं खनिजाचे ट्रक गेले. स्क्रूंची डोकी तांबूस आणि पोर्टांच्या कडा पांढुरक्या असतील तर किनाऱ्यालगतचं, खाऱ्या वाऱ्यातलं. पंख्यावर तेलकट काजळी असेल तर स्वयंपाकघराच्या दारात टेबल आहे. मुंग्यांची अंडी निघाली तर बहुधा कुळागरातलं घर. एकदा पॉवर सप्लायमध्ये वाळलेली पाल निघाली. ती कुठली, याचा निकाल अजून लागलेला नाही.

धूळ सगळीकडेच असते. पण कोरड्या गावची धूळ फुंकून उडते, आमची ओल पिऊन पंख्याच्या मागे वाकळीसारखी जमते. हवा जात नाही, प्रोसेसर तापतो, शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि मालक येऊन सांगतो की व्हायरस आलाय. ब्रश मारला, थर्मल पेस्ट बदलली की "व्हायरस" जातो. यात फार शिकवण्यासारखं काही नाही.

रॅमचं मात्र शिकवण्यासारखं आहे. चालू केल्यावर नुसतं टूं टूं वाजतं आणि पडद्यावर काही येत नाही, अशी तक्रार जुलैत आठवड्याला एक तरी असते. रॅमच्या पट्टीवरच्या टोकांना सोन्याचा मुलामा असतो. सोनं गंजत नाही, पण मुलामा इतका पातळ की त्याच्या बारीक छिद्रांतून दमट हवा खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते. शिवाय वर धुळीचा चिकट थर. शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने दोनदा फिरवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. दोनदाच, कारण खोडरबराने सोनंही जातं. एका मुलाने उत्साहाने पट्टी आरशासारखी चकचकीत केली. ती पट्टी आता खोक्यात आहे. अल्कोहोलही मेडिकलमध्ये मिळतं ते सत्तर टक्क्यांचं नको, त्यात बाकीचं पाणीच असतं. नव्याण्णव टक्क्यांचं मागवायचं.

दव पडण्याचा धडा मी चष्म्यावरून शिकवतो. मे महिन्यात एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. तीस अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर सत्तावीस अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव जमतं. बावीस अंशांच्या ऑफिसातून लॅपटॉप काढून बाहेर ओट्यावर उघडला तर चष्म्याचं जे होतं तेच आतल्या बोर्डाचं होतं, फक्त दिसत नाही. म्हणून बॅग बंद ठेवायची, अर्ध्या तासाने उघडायची. हे मी घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, लोणच्याची बरणी फ्रिजमधून काढल्यावर लगेच उघडू नये हे तुला कधी सांगून पटलं नाही.

एक गोष्ट मात्र मी हसत शिकवत नाही. पॉवर सप्लाय उघडायचा नाही. आत २३० व्होल्टचे सव्वातीनशे व्होल्ट डीसी होऊन कपॅसिटरमध्ये बसलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच असतात. आणि डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर "थोडा करंट येतो" म्हणून सोडायचं नाही. घरात अर्थिंग नीट नसल्याची ती खूण असते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की ती जास्तच कळते. आधी वायरमन, मग कॉम्प्युटर.

आता ती गोष्ट.

गेल्या वर्षी जुलैतल्या एका शनिवारी रात्री वादळ झालं. डिप्लोमाच्या एका मुलाच्या घरचं कौल सरकलं आणि टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर पाणी पडलं. त्याने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. चार्जर काढला, बटन दाबून धरून मशीन बंद केलं, उलटं करून टॉवेलात गुंडाळलं आणि सकाळी वर्गात घेऊन आला. लॅपटॉप त्याच्या वडिलांचा.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे जत्रेला गावचीच माणसं मराठी नाटक उभं करतात. दिवसा कुणी दुकानदार, कुणी मास्तर, रात्री राजा आणि प्रधान. त्याचे वडील बसवर कंडक्टर आहेत आणि अशा नाटकांत वीस वर्षं कामं केल्यावर त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा स्वतः नाटक लिहिलं होतं. तीन अंकी. ते त्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि तिसरा अंक फक्त तिथेच होता.

हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही.

मशीन उघडलं, बॅटरी सोडवली, पुसलं, एका मुलीच्या घरून केस वाळवायचा ड्रायर आणला आणि वीस मिनिटं फिरवला. बोर्ड कोरडा दिसायला लागला. आता मला माहीत आहे की ड्रायरची हवा वरचं पाणी चिपांच्या पोटाखाली ढकलते, आणि तिथलं पाणी दिवसचे दिवस राहतं. त्या दिवशीही माहीत होतं. दुकानात शंभर वेळा ऐकलं होतं. पण भोवती नऊ डोकी वाकलेली, आणि कुणीतरी म्हणालं, "सर, चालू करून पळोवया?"

मला त्यांचे चेहरे बघायचे होते. दुसरं काही कारण नव्हतं. बॅटरी जोडली आणि बटन दाबलं.

पडदा उजळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. डेस्कटॉप आला आणि त्यावर एका फाईलचं नाव मला स्पष्ट दिसलं: "तिसरा अंक शेवटचा". माझ्या खिशात पेन ड्राईव्ह होता. तो लावायला दहा सेकंद लागले असते. त्याऐवजी मी मुलांना पंखा कसा फिरतोय ते दाखवत बसलो. चारेक मिनिटांनी पडदा लुकलुकला, बारीक जळका वास आला आणि मशीन बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला दुकानात घेऊन गेलो. त्याने भिंगाखाली धरलं आणि मला बघायला लावलं. दोन टाक्यांच्या मध्ये हिरवट काळसर, नेच्याच्या पानासारखं काहीतरी वाढलेलं. पावसाचं पाणी कौलांवरून, वाशांवरून माती आणि क्षार घेऊन उतरतं. अशा पाण्यात वीज सोडली की एका बाजूचा धातू विरघळून दुसऱ्या बाजूला जाऊन चिकटतो आणि असा पूल तयार होतो. त्या पुलावरून बॅटरीचे साडेसात व्होल्ट शेजारच्या ३.३ व्होल्टच्या वाटेवर गेले होते. नुसतं पाणी मशीनला फारसं मारत नाही. पाणी आणि वीज एकत्र मारतात.

"किती वाळवलं होतं?" त्याने विचारलं.

"वीस मिनिटं."

तो काही बोलला नाही. भिंगाचा दिवा बंद केला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये साठवणीची पट्टी वेगळी काढता येते. काही स्वस्त मॉडेलांत ती चिप बोर्डावरच डाक देऊन बसवलेली असते. हा स्वस्तातला होता. डेटा काढून देणाऱ्या एका ठिकाणी पुण्याला पाठवला. तीन आठवड्यांनी परत आला. चिप मेलेली.

मग मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची दुपारची ड्युटी सुटली होती, खाकी शर्ट अजून अंगावर होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण सर, मुलगा सांगत होता, तुम्हीच शिकवलंय ना, ओलं मशीन चालू करायचं नाही म्हणून?"

"हो."

"मग?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. त्यांच्या पत्नीने चहा आणला. तो प्यायलो आणि निघालो. मुलगा दारापर्यंत आला, पण पायात बघत होता.

पुढचा रविवार मी वर्गात हीच चूक शिकवली. भिंगातून काढलेला फोटो दाखवला, आणि तो बोर्ड अजून खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. एका मुलीने विचारलं की नाटक पुन्हा टाईप का करू नये. पहिल्या अंकाची छापील प्रत होती. दुसऱ्याची वाचनं झाली होती आणि प्रॉम्प्टर म्हणून बसणाऱ्या गृहस्थांना तो जवळजवळ पाठ होता. ऑगस्टचे चार रविवार आमच्या वर्गात स्क्रू ड्रायव्हर बाजूला राहिले. नट येऊन आपापली भाषणं सांगायचे, मुलं टाईप करायची, मध्येच दोन नटांचं जुंपायचं की वाक्य कुणाचं होतं. तिसरा अंक लेखकाने स्वतः सांगितला. मी टाईप करत होतो. दोन-तीन ठिकाणी ते थांबले. "इथे एक वाक्य होतं. बरं जमलं होतं. आता येत नाही." मी कर्सर तिथे ठेवून वाट बघितली. मग ते म्हणाले, "जाऊ दे, पुढे घ्या."

नाटक जत्रेला झालं. मी मांडवात बसून बघितलं आणि लोक हसले, रडले, शेवटी उठून उभे राहिले. ती वाक्यं कुठे नव्हती ते मला सांगता आलं नसतं. विंगेत उभ्या असलेल्या त्या एका माणसाला माहीत होतं. मी घेऊन दिलेला जुना लॅपटॉप त्यांनी आधी नाकारला, मग मुलांनी साफ करून दिला तर घेईन म्हणाले, आणि घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. मशीन दारात आलं की मालकाला पहिला प्रश्न: आत काय आहे? दुसरा: दुसरी प्रत कुठे आहे? काय बिघडलंय, हा तिसरा. ओलं मशीन असेल तर बॅटरी काढायची, बोर्ड बाहेर काढून अल्कोहोलने धुवायचा, ब्रशने चिपांच्या कडा घासायच्या, आणि मग पेटी.

पेटीची कल्पना अकरावीतल्या एका तबला वाजवणाऱ्या मुलाची. पावसाळ्यात तबला नरम पडू नये म्हणून त्याच्या घरी कपाटात बल्ब लावून ठेवतात. आम्ही जुन्या लाकडी पेटीत चाळीस वॉटचा पिवळा बल्ब बसवला, वर-खाली भोकं पाडली. यामागचं गणित मी फळ्यावर करून दाखवलं तेव्हा मलाच मजा वाटली. सत्तावीस अंशांची नव्वद टक्के आर्द्रतेची हवा नुसती पस्तीस अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सत्तावन्न टक्क्यांवर येते. पाणी काढलं नाही तरी हवा तहानलेली होते. त्या पेटीत निदान अठ्ठेचाळीस तास. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला सगळीकडे फिरतो, पण जुलैत आमच्याकडचा तांदूळच दमट असतो आणि त्याचं पीठ पोर्टांत जातं. तांदूळ जेवायला ठेवावा.

पेटीतून काढल्यावरही लगेच बटन नाही. आधी मल्टिमीटरने मुख्य वाटा तपासायच्या, कुठे शॉर्ट नाही ना. मग बटन. आणि चालू झाल्याबरोबर, टाळ्यांच्या आधी, पेन ड्राईव्ह.

या जूनमध्ये पहिलं ओलं मशीन आलं ते एका शिक्षिकेचं. धुऊन पेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाचनालयावरून जात होतो, सहज खोली उघडली. बोर्ड कोरडा वाटत होता. बॅटरी शोधली, सापडेना. वहीत बॅटरीच्या रकान्यात आमच्यातल्या एका मुलीची सही होती. तिला फोन केला.

"बॅटरी माझ्या घरी आहे सर," ती म्हणाली. "रविवारी आणते."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे. मी येऊन नेतो."

"रविवारी, सर," ती म्हणाली, आणि आई हाक मारतेय म्हणून तिने फोन ठेवला.